मंगा, मुले आणि डॉक्टर तेझुका

हार्बर मार्गावरचे मानखुर्द हे १९९२ पर्यंत शेवटचे स्थानक होते. पुढे खाडी आणि खाडीपलीकडे वाशी. आता गाड्या पूल ओलांडून थेट पनवेलपर्यंत जातात आणि मानखुर्द हे वाटेतले एक गर्दीचे स्थानक होऊन बसले आहे. सकाळच्या गाडीत येथे चढणारी शाळा-कॉलेजांतली मुले पूर्वी परीक्षेच्या टिपणांत डोके घालीत किंवा शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रात डोकावीत. आता त्यांच्या हाती मोबाइल असतो आणि त्यावर मोठमोठ्या डोळ्यांची, टोकदार केसांची जपानी माणसे लढत, रडत, धावत असतात. या मुलांची आपसांतली चर्चा कान देऊन ऐकण्यासारखी असते. मूळ चित्रकथा सरस की तिच्यावरून केलेली मालिका, अमुक कथानक कोठे घसरले, तमुक पात्राला लेखकाने उगाच मारले काय, यावर ती ज्या तावातावाने आणि ज्या बारकाव्याने बोलतात, ते ऐकून आमच्या आजोबांच्या पिढीत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्यावरून झडणारे वाद आठवावेत.

वडीलधाऱ्यांना ही आवड पसंत नाही. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि ॲनिमे म्हणजे तेथले कार्टूनपट, एवढेही जाणून न घेता ते एक परकीय खूळ आहे, त्याने डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, असा निकाल घरोघरी दिला जातो. प्रस्तुत लेखकही आयुष्यभर शिक्षकी पेशात राहून कालपरवापर्यंत याच मताचा होता. मत पालटले ते एका माणसाच्या आयुष्याची ओळख झाल्यामुळे. त्या माणसाचे नाव ओसामू तेझुका. शिक्षणाने तो डॉक्टर होता, आणि जपानमध्ये आज मंगा आणि ॲनिमे यांचा जो अफाट विस्तार दिसतो त्याचा उगम बहुतेक सारे अभ्यासक त्याच्याच टेबलाशी नेऊन पोचवतात.

ओसामूचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळच्या तोयोनाका येथे झाला. घराणे वैद्यकीचे, पणजोबा तेझुका र्‍योआन हे एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर होते. ओसामू लहान असतानाच कुटुंब ताकाराझुका या गावी राहायला आले. हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी आणि त्याहूनही तेथल्या स्त्रीनाट्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे पुरुषांनी स्त्रीभूमिका गाजवल्या, तर ताकाराझुकाच्या रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात. आई मुलाला या नाटकांना घेऊन जाई. घरी ती त्याला मंगा वाचून दाखवी, आणि तेही प्रत्येक पात्राचा आवाज निराळा काढून. वडिलांना छायाचित्रणाचा नाद होता. त्यांच्याकडे घरगुती प्रोजेक्टर होता आणि त्यावर चॅप्लिनचे आणि डिस्नेचे छोटे चित्रपट घरातल्या भिंतीवर पाहायला मिळत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १९३० च्या दशकात घरी प्रोजेक्टर असणे ही सुखवस्तू माणसाची चैन होती. आवड रुजायला जमीन लागते, आणि ती ओसामूला आयती मिळाली. आमच्या मानखुर्दला एका खोलीत सहा माणसे राहतात आणि एका मोबाइलवर तीन भावंडांचा हक्क असतो. त्या घरातल्या मुलाची आवड आणि ताकाराझुकाच्या मुलाची आवड एकाच मापाने मोजता येणार नाही. तरीही त्या घरातले एक वैशिष्ट्य पैशाने विकत मिळणारे नव्हते. मूल जे पाहते ते आईबापांनी त्याच्या शेजारी बसून पाहिले होते.

शाळेत हा मुलगा अंगाने किरकोळ, केसांनी कुरळा आणि चष्मेवाला होता. वर्गातल्या दांडगटांनी त्याला छळले यात नवल नाही. त्याची सुटका दोन गोष्टींनी केली. एक कीटकांचा छंद. भुंगे आणि फुलपाखरे जमवून त्यांची चित्रे काढण्यात तो इतका रंगे की आपल्या नावाच्या लेखनात त्याने कीटकवाचक चिन्ह कायमचे जोडून घेतले. जपानी भाषेत ओसामुशी नावाचा एक भुंगा आहे, आणि नावाशी जुळणारा हा किडा त्याला देवासारखा भेटला. दुसरी गोष्ट म्हणजे चित्रकथा. त्याने वहीत काढलेल्या गोष्टी वर्गात हातोहात फिरू लागल्या आणि छळणारी मुलेच पुढचा भाग केव्हा येणार म्हणून मागे लागली. एकदा अशी वही शिक्षकांच्या हाती पडली. शिक्षकांनी ती वाचली आणि त्यानंतर या मुलाच्या चित्रे काढण्याकडे त्या शाळेने कानाडोळा केला, असे त्याच्या चरित्रांत नमूद आहे.

हा मजकूर वाचताना प्रस्तुत लेखकाला पुढचे पान उलटवेना. काही वर्षांपूर्वी, सातवीच्या वर्गात भूगोल शिकवीत असताना, मागच्या बाकावरून आम्ही अशीच एक वही जप्त केली होती. पाठकोऱ्या कागदांची, दोऱ्याने शिवलेली. त्यात तलवारी होत्या, उडणारी माणसे होती आणि संवाद मराठीत होते. मुलाला चार शब्द सुनावले, वही टेबलाच्या खणात टाकली आणि वर्ष संपल्यावर खण रिकामा करताना ती इतर कागदांबरोबर रद्दीत गेली. ती वाचावी असे काही आमच्या मनात आले नाही.

ओसामूची माध्यमिक शाळा युद्धकाळातली. तेथे चित्रे काढली म्हणून लष्करी शिक्षकाचा मारही खावा लागला. पुढे शाळकरी मुलांना शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत जुंपण्यात आले. एप्रिल १९४५ मध्ये, ओसाका बॉम्बवर्षावाने उजाड होत असताना, सोळा वर्षांचा हा मुलगा एका जवळजवळ रिकाम्या चित्रपटगृहात जाऊन बसला. पडद्यावर जपानी नौदलाने काढवून घेतलेला कार्टूनपट होता. मोमोतारो हा जपानी लोककथेतला वीर त्यात प्राण्यांची फौज घेऊन शत्रूवर चाल करतो. सरळ सरळ युद्धप्रचार. पण त्यातली गवतावरून उडणारी म्हातारीची पिसे आणि तिच्यासारखे अलगद उतरणारे सैनिक पाहून ओसामू रडला आणि आयुष्यात एकदा तरी असा चित्रपट करायचाच, असे त्याने ठरवले. मुलाच्या मनावर अमुक पाहिल्याने अमुक परिणाम होतो असे जे सोपे त्रैराशिक आपण मांडतो, ते या प्रसंगाने चुकते. युद्धाचा प्रचार पाहून निघालेला हा मुलगा जन्मभर युद्धाच्या विरोधात चित्रे काढीत राहिला. जूनमधल्या हवाई हल्ल्यात तो थोडक्यात वाचला होता. १५ ऑगस्टला युद्ध संपले आणि ओसाकात पुन्हा दिवे लागले, तेव्हा आपण जिवंत आहोत हे त्याला खऱ्या अर्थाने उमगले, असे त्याने पुढे आत्मकथनात लिहिले आहे.

त्याच वर्षी तो ओसाका विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात दाखल झाला, आणि १९४६ च्या जानेवारीत एका बालवृत्तपत्रात त्याची पहिली चार चौकटींची मालिका छापून आली. १९४७ मध्ये 'नवे रत्नद्वीप' या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. कथा दुसऱ्याची, चित्रे तेझुकांची. कागदाची टंचाई असलेल्या त्या भग्न देशात स्वस्त छपाईच्या या पुस्तकाच्या सुमारे चार लाख प्रती खपल्या असे सांगतात. त्यातली नवलाई गोष्टीत नव्हती, मांडणीत होती. आरंभी एक मुलगा मोटार हाकीत बंदराकडे निघतो. मोटार दुरून दिसते, जवळ येते, चाकाशी येते, आणि वाचणाऱ्याला आपण चित्रपट पाहतो आहोत असे वाटू लागते. वडिलांच्या प्रोजेक्टरचे हे व्याज होते.

वर्गात व्याख्यान चालू असताना डॉक्टरीचा हा विद्यार्थी प्रकाशकांची पाने पुरी करीत असे. अखेर प्राध्यापकांनीच त्याला डॉक्टर होण्याचा नाद सोडण्याचा सल्ला दिला. आईने, तुला मनापासून जे आवडते ते कर, अशा आशयाचे उत्तर दिले. आमच्याकडच्या किती माता हे म्हणतील? तथापि त्याने शिक्षण सोडले नाही. १९५२ मध्ये राष्ट्रीय परीक्षा देऊन डॉक्टरीचा परवाना मिळवला, तो वापरला मात्र कधीच नाही. १९६१ मध्ये गोगलगायीच्या शुक्रपेशींवरील प्रबंधाला नारा येथील वैद्यकीय विद्यापीठाची डॉक्टरेटही मिळाली. तोवर तो जपानमधला सर्वांत लोकप्रिय चित्रकथाकार होऊन दशक लोटत आले होते.

त्या लोकप्रियतेचे केंद्र होता आतोमु, म्हणजे अणू. १९५२ पासून एका मासिकात सुरू झालेली 'तेत्सुवान आतोमु', अर्थात पोलादी बाहूंचा अणू, ही कथा एका यंत्रबालकाची आहे. अपघातात मुलगा गमावलेला शास्त्रज्ञ त्याच्याच रूपाचा यंत्रमानव घडवतो. हा मुलगा वाढत नाही हे ध्यानात येताच त्याला सर्कशीला विकून टाकतो. दुसरा एक प्रेमळ शास्त्रज्ञ त्याची सुटका करतो. पोटात अणुशक्ती वागवणारा हा मुलगा माणसांचे रक्षण करतो, आणि माणसे त्याला यंत्र म्हणून हिणवीत राहतात. ज्या देशावर सातच वर्षांपूर्वी दोन अणुबॉम्ब पडले होते त्या देशातल्या मुलांनी या नायकाला उचलून धरावे, याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा. मानखुर्दच्या वाचकाला त्यात घरची ओळख सापडेल. आमच्या शेजारी अणुशक्तीनगर आहे, आणि पलीकडे ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. त्या दशकात अणू हा शब्द साऱ्या आशियात भीतीचाही होता आणि आशेचाही. जाता जाता एक गंमत. आतोमुच्या बहिणीचे नाव युरेनियमवरून ठेवलेले आहे आणि जपानी उच्चारात ते 'उरान' असे होते. बंदरापलीकडच्या उरणकरांना हे कळवायला हरकत नाही.

त्याच सुमारास तोक्योतल्या तोकिवा-सो नावाच्या एका साध्या, लाकडी चाळवजा इमारतीत तेझुका राहत होते. १९५४ मध्ये त्यांनी खोली सोडली तेव्हा तीत दोन होतकरू तरुण राहायला आले. फुजिको या जोडनावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या या दोघांपैकी एकाने डोरेमॉन निर्माण केला. ज्या घरांत ॲनिमे हा शब्दही ठाऊक नाही, त्या घरांतली तीन वर्षांची पोरे हिंदीत बोलणाऱ्या त्या निळ्या मांजराला ओळखतात.

आता वडीलधाऱ्यांच्या विरोधाकडे येऊ, कारण तो जपानमध्येही झाला आणि आपल्यापेक्षा कितीतरी कडवा झाला. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे मुले गुन्हेगार होतात असा ओरडा उठला आणि सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या. पुढल्याच वर्षी जपानमध्ये मातृसंघ आणि पालक-शिक्षक संघ यांनी वाईट पुस्तकांच्या हकालपट्टीची मोहीम उघडली. तेझुका हे तिचे एक प्रमुख लक्ष्य ठरले. शाळांच्या आवारात मंगांची होळी झाल्याच्या आठवणी त्या काळच्या लोकांनी सांगितल्या आहेत. यंत्रमानव, आकाशातल्या वेगवान गाड्या, असल्या अशक्य गोष्टी मुलांना दाखवणे हाच गुन्हा समजला गेला. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पाठ्यपुस्तकात लपवून वाचणाऱ्या आणि त्याबद्दल मार खाणाऱ्या पिढीला हे ओळखीचे वाटेल. त्यांच्या मागून आलेल्यांनी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ असाच चोरून वाचला.

टीकाकार सर्वस्वी चुकत होते असे मात्र म्हणता येणार नाही. मंगांत हिंसा होती, आहे. काही अगदी बटबटीत आहेत. १९७० मध्ये खुद्द तेझुकांची लैंगिक शिक्षणाच्या हेतूने काढलेली एक मालिका जपानच्या एका प्रांताने मुलांना अपायकारक ठरवली. कोणती चित्रकथा कोणत्या वयाला द्यावी याचा विचार करावाच लागतो. पण तो करण्यासाठी ती आधी वाचावी लागते, आणि नेमका याचाच आपल्याला कंटाळा आहे.

तेझुकांची स्वतःची आवड पाहिली तर ती कोणत्याच एका कप्प्यात बसत नाही. डिस्नेचा 'बॅम्बी' त्यांनी ऐंशीहून अधिक वेळा पाहिला असे सांगतात. चीनच्या वान बंधूंनी १९४१ मध्ये केलेल्या लोहपंखा राजकन्येच्या कार्टूनपटाने त्यांना लहानपणी भारून टाकले होते. दोस्तोयव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'चे त्यांनी १९५३ मध्ये मुलांसाठी मंगारूप केले. ताकाराझुकाच्या स्त्रीनाट्याची आवड पुरुषवेषातल्या राजकन्येच्या कथेत उतरली. बीथोव्हेन ऐकत ते काम करीत, आणि त्याच्यावरची कथा काढता काढताच त्यांचे आयुष्य संपले. हलके आणि भारदस्त अशी वाटणी ज्याच्या आवडीत नाही असाच हा माणूस होता.

१९६१ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशाने कार्टूनपटांचा स्टुडिओ काढला आणि १ जानेवारी १९६३ पासून आतोमु दूरदर्शनच्या पडद्यावर आला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग, हे त्यापूर्वी जपानमध्ये कोणी केले नव्हते. डिस्नेच्या थाटाची चित्रे त्या मुदतीत होणे अशक्य होते. म्हणून सेकंदाला सुमारे आठ चित्रांवर भागवले. चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवले, एकदा काढलेली धाव पुन्हा पुन्हा वापरली. आज ज्याला ॲनिमेची खास शैली म्हणतात ती अशी काटकसरीतून जन्मली. पण तेझुकांनी मालिका मिळावी म्हणून भागाची किंमत खर्चाहूनही कमी सांगितली आणि तोच पुढे या धंद्याचा भाव ठरला. चित्रकारांची दीर्घकाळची तुटपुंजी मजुरी ही त्याच निर्णयाची फळे आहेत असा आरोप हायाओ मियाझाकी यांच्यासारख्या मोठ्या दिग्दर्शकाने तेझुकांच्या मृत्यूनंतर लगेच केला. आरोप पुरता खरा आहे की नाही यावर मतभेद आहेत. परंतु स्टुडिओ १९७३ मध्ये दिवाळखोरीत निघाला, हे खरे. तेझुकांचा काळ संपला असे तेव्हा सगळेच म्हणत होते. त्याच वर्षी एका साप्ताहिकाने निरोपाच्या भावनेनेच म्हणा, त्यांना थोडी पाने दिली आणि त्यांनी परवाना नसलेल्या शल्यविशारदाची 'ब्लॅक जॅक' ही कथा सुरू केली. न वापरलेली डॉक्टरी कामी आली. ती मालिका दहा वर्षे चालली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम याच काळातले आहे. १९७२ ते १९८३ या अकरा वर्षांत त्यांनी बुद्धाचे चरित्र चित्रांत लिहिले. इंग्रजीत त्याचे आठ जाडजूड खंड आहेत. आपल्याकडे याच सुमारास अनंत पै अमर चित्रकथेतून महापुरुषांची चरित्रे बत्तीस पानांत बसवीत होते. त्या पुस्तकांचे ऋण आमची पिढी विसरणार नाही, पण दोघांच्या दृष्टीतला फरक पहिल्या पानांतच कळतो. तेझुकांचा बुद्धचरित्रपट राजवाड्यात सुरू होत नाही. त्यांचे पहिले नायक आहेत छप्र हा शूद्र दास आणि तत्ता हा अस्पृश्य पोर. छप्र आपले कूळ लपवून कोसलच्या सेनापतीचा मानलेला मुलगा होतो, मोठा वीर ठरतो. शेवटी त्याचे मूळ उघडकीस येते आणि आईसह त्याला प्राण गमवावे लागतात. सिद्धार्थ हे सारे घडत असताना कोठे जन्माला येतो. त्याने ज्या दुःखाचा शोध घेतला ते दुःख वाचकाला आधीच दाखवून ठेवलेले असते.

इतिहासाच्या कसोटीला यातले पुष्कळ उतरणार नाही. छप्र आणि तत्ता कोणत्याही बौद्ध ग्रंथात नाहीत. अस्पृश्यांसाठी वापरलेला 'पारिया' हा शब्द मुळात तमिळ आणि पुष्कळ नंतरचा आहे. मध्येच विनोद येतो, मध्येच लेखक स्वतःचे चित्र काढून जातो. श्रद्धाळू माणसाला ते खटकेल. पण १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला जे घडले त्याचा वारसा सांगणारी हजारो घरे ज्या मानखुर्द-गोवंडीत आहेत, तेथल्या विहारांत आणि अभ्यासिकांत हे खंड असायला हवे होते. जातीच्या अपमानापासून बुद्धाची गोष्ट सुरू करणारा हा परदेशी चित्रकार भारतात जन्मलेला नव्हता, जातिव्यवस्थेत वाढलेला नव्हता. त्याला ती जागा बरोबर सापडली. मराठीत ही कथा यावी असे ज्या प्रकाशकाला वाटेल त्याला वाचक शोधत हिंडावे लागणार नाही. ते सकाळच्या गाडीत उभे आहेत.

तेझुकांच्या कामाचा आकडा अंगावर येतो. सातशेच्या आसपास कथा आणि सुमारे दीड लाख पाने. एका वेळी चार-पाच मासिकांची पाने देणे, संपादकांनी बाहेरच्या खोलीत रात्रभर ताटकळत बसणे, मग पहाटे पाने हाती पडणे, ही त्यांची नित्याची पद्धत होती. शरीराने त्याची किंमत वसूल केली. जठराचा कर्करोग झाला. त्या काळच्या जपानी रिवाजाप्रमाणे ते निदान रोग्याला सांगण्यात आले नाही. रोगी स्वतः डॉक्टर असूनही. रुग्णालयातल्या खाटेवर त्यांनी पेन्सिल सोडली नाही. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, ते गेले. तरुणपणी आरंभलेली आणि आपले जीवितकार्य मानलेली अग्निपक्ष्याची कथा अपुरी राहिली, बीथोव्हेनची कथा अपुरी राहिली, फाउस्टचीही अपुरी राहिली. ताकाराझुकात १९९४ मध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. लहानपणी काढलेली त्यांची भुंग्यांची आणि फुलपाखरांची चित्रे घरच्यांनी आणि मित्रांनी जपून ठेवली होती, म्हणून ती आज पाहायला मिळतात.